कच्च्या दगडाचा ढीग

बाई, मॅट्रिकच्या वर्गात तुम्ही एकच इंग्रजी शब्द आठवडाभर पुरवला होता. सॉफ्ट. "मऊ म्हणून सुटका करून घेऊ नका," म्हणायचात आणि एकेकीला उभं करून त्या शब्दापुढे काहीतरी ठेवायला लावायचात. गादी मऊ, उजेड मंद, आवाज हलका, नांगरलेली जमीन भुसभुशीत. 'सॉफ्ट वॉटर'पाशी सगळ्या अडलो, तेव्हा विचारलंत, "कुणाच्या विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजते?" आमच्या विहिरीत त्या वर्षी पाणीच नव्हतं. माणूस सॉफ्ट म्हणजे कसा, यावर मी तोऱ्यात "नेभळट" म्हणाले. तुम्ही हसलात आणि फळ्यावर तेही लिहिलंत.

बहात्तरचा दुष्काळ तो. आई कर्जतच्या रस्त्यावर सरकारी कामावर खडी फोडायला जायची, शाळा सुटली की मीही. एका शनिवारी मुकादमानं आमच्या टोळीचा ढीग मोजायलाच नकार दिला. "दगड कच्चा हाय. पहिल्या गाडीखाली पीठ व्हईल याचं." मी ढिगावर चढले. शोषण, सत्ता, माणुसकी, जे जे वाचलं होतं ते सगळं त्याच्यावर ओतलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. "लई शिकलीस गं," तो म्हणाला, "आता उद्यापासून तुमच्या टोळीनं घरीच भाषणं ऐका." टाळ्या थांबल्या. बारा बायका, बारा चुली. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "आता चुलीपुढं उभी ऱ्हा आन् बोल."

मी तुमच्या खोलीवर येऊन रडले. दुसऱ्या दिवशी रविवारची प्रार्थना आटोपून तुम्ही तशाच पांढऱ्या पातळात, आमच्या टोळीला बरोबर घेऊन, कामावर आलात. मला वाटलं, आता तुम्ही त्याला सोलणार. तुम्ही उन्हात उभ्या आहात आणि अगदी हळू विचारता आहात, "दादा, आमच्या मुलींना कच्चा दगड ओळखता येत नाही. शिकवाल का?"

"म्या? आवो बाई, दुसरी नापास हाय मी."

"या विषयात आम्ही सगळ्या नापास आहोत."

तो बुजला, मग उकिडवा बसला. हातोडी मारून दाखवू लागला. हा खणखणतो, हा बद्द वाजतो, असल्याचा भुगा होतो. बायका पुढे सरकल्या, दगड निवडू लागल्या. जवळजवळ अर्धा ढीग बाजूला निघाला. सोपा म्हणून आम्ही खाणीच्या ज्या कडेचा दगड ओढत होतो, ती कडच मुरमाची होती. उरलेला त्यानं मोजून घेतला आणि सोमवारी टोळी पुन्हा हजेरीवर लागली. परतताना मी फणकारले, "बाई, तुम्ही त्याच्यापुढे नमतं घेतलंत!" "घेतलं," म्हणालात. "आणि तो खरं बोलत होता."

त्यानंतर जन्मभर मी व्यासपीठांवर बोलत आले. आवाज आजही चढतो, आणि चढवायला हवा तिथे चढवला याचं मला समाधान आहे. पण आता भांडायला उभी राहण्याआधी मी दगड वाजवून बघते, आणि त्यामुळे माझी कितीतरी भांडणं टिकली. आई शेवटपर्यंत तुमचं नाव काढायची आणि माझ्याकडे बघून हसायची.

ती गोष्ट मी सभांमधून पुष्कळदा सांगितली आहे. माझ्या सांगण्यात सगळा ढीग पक्का असतो, मुकादम लबाड असतो आणि तुम्ही तिथे नसताच. पत्र पाठवायला पत्ता नाही, बाई. असता तरी सभांबद्दलची ही ओळ खोडूनच पाठवलं असतं.