दादांच्या भुवईवरची खूण

भांडुप (पूर्व),
रविवार

प्रिय शकुताईस,
सप्रेम जयभीम.

तुझ्या गुडघ्याला आराम पडला असेल असं धरून चालतो. (नसेल तर अकोल्याचे ते डॉक्टर बदल, हे मी मार्चपासून सांगतोय.) हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मधेच रडतेस आणि मग मला रागावता येत नाही. आज मला नीट रागवायचं आहे, आणि तेही तुझ्या वर्गमित्रावर, म्हणजे लवू फोटोवाल्यावर.

दादांच्या पहिल्या स्मृतिदिनाला पुढच्या महिन्यात भन्तेजी येणार, तेव्हा टेबलावर दादांचा मोठा फोटो हवा. तूच म्हणालीस, लवूकडे दे, घरचा माणूस आहे. गोदीच्या ओळखपत्रासाठी काढलेला दादांचा तो जुना कृष्णधवल फोटो मी स्कॅन करून घेतला आणि दादांच्याच कॉम्प्युटरवर उघडला. ताई, दादा समोर येऊन बसल्यासारखे. डाव्या भुवईवरची, गोदीत पोती उचलायचा हुक लागल्याची खूणसुद्धा स्पष्ट. (ती खूण नसली तर चष्मा लावलेला कुणीही माणूस.)

लवूने प्रिंट दिली ती काळीकुट्ट. खूण नाही, भुवई नाही, चष्म्याची काडी केसांत बुडालेली. मी शांतपणे म्हटलं, थोडं उजळ कर. तर दुसऱ्या प्रिंटमध्ये, तीस वर्षं उन्हात पोती उतरवलेला आपला बाप पिठाच्या डब्यातून काढल्यासारखा. वर म्हणतो, गेलेल्या माणसाचा फोटो सगळे उजळच मागतात. मी विचारलं, का, दादांना मुलगी बघायला जायचंय? तुझ्या भावजयीने, दीप्तीने, माझा हात दाबला. मग मुलुंडला गेलो. तिथल्या मशीनने दादांना हिरवट केलं, बाहेर ठेवलेल्या पावासारखं. तो माणूस म्हणाला, काळी शाई संपली होती, रंगीत शायांत भागवलं.

शेवटी शनिवारी मी कॉम्प्युटरच उचलला. रिक्षात दीप्तीच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला स्क्रीन, माझ्या मांडीवर खालचा डबा. (रिक्षावाल्याने विचारलं, घर बदलताय का?) लवूच्या काउंटरवर सगळं जोडून दाखवलं, हे बघ, हे आमचे दादा. तो स्क्रीनकडे वाकला आणि म्हणाला, "चैतन्य, कागदाच्या मागे दिवा नसतो रे. आणि तू हा ब्राइटनेस ठेवलायस तरी किती?" मी त्याच्याकडे दादा मागतोय आणि हा मला बटणं शिकवतोय. त्याची पहिली प्रिंट तिथेच दोन तुकडे करून टाकली आणि निघालो. तुला माहीत आहे, मी कुणाशी असं वागत नाही. दादांना खांदा देतानाही माझा आवाज चढला नव्हता. त्या लवूची ओळख तू आता सोड.

तुझा भाऊ,
चैतन्य

ता.क. पाकीट बंद करायच्या आधी दीप्तीने स्क्रीनचं बटण तपासलं. ब्राइटनेस शंभर टक्के. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी दादांनी पेपर वाचायला वाढवून ठेवला होता. नंतर कुणी हात लावला नाही.

दुसरा ता.क. ते दोन तुकडे तिने काउंटरवरून उचलून आणले होते. आज, सोमवारी सकाळी, गॅलरीतल्या उजेडात जोडून बघितले. खूण आहे. काडीही आहे. ट्यूबलाइटखाली घाईत बघणारा मीच होतो.

तिसरा ता.क. म्हणून वरचं पत्र न फाडता तसंच पाठवतोय. तू लवूला फोन कर आणि पहिलीच प्रिंट पुन्हा काढायला सांग. मला तोंड नाही. माफी तुझ्या शब्दांत माग, ओळख सोडू नकोस. दीप्ती म्हणते, आता स्क्रीनचा ब्राइटनेस कमी कर, डोळ्यांतून पाणी येतं. येऊ दे म्हटलं. ते बटण दादांनी फिरवलंय.