मोडीतला हुकूम

१२ जून २००६

टप्, टप् — तंजावरच्या शाळेत मास्तर टेबलावर छडीनं लघु-गुरू मोजायचे आणि आम्ही पोरं भुजंगप्रयात ओरडायचो! आज मद्रास हायकोर्टाच्या बाकावर तेच ऐकू आलं. मग कळलं, माझी छातीच धडधडतेय.

आमच्या कंपनीचा वकील म्हणाला, आग लागली आखातात, माणसं मेली आखातात. इथल्या कोर्टाचा काय संबंध? खटला भरणारी कामाक्षी पुढच्याच बाकावर. तिचा नवरा मजुरांच्या त्या जळालेल्या शेडमध्ये होता — बाहेरून कुलूप.

तिची वकील श्रीरंजनी मला बाहेर म्हणाली, "सार, तुम्ही कंपनीच्या इथल्या ऑफिसात हेडक्लार्क होता. कुलपाचा हुकूम एग्मोरच्या ऑफिसातून गेला एवढं दाखवा. मग संबंधच संबंध!"

१३ जून

वही सापडली! साहेब बोलायचे, मी मोडीत उतरवायचो. वडिलांनी शिकवलेली, हात उचलावा लागत नाही. ऑफिसात दुसऱ्या कुणाला वाचता येत नसे, याचा केवढा तोरा होता मला!

"मजूर घरी जायचं म्हणतात. शेडला कुलूप लावा. चावी गेटवर." खाली तारीख, वेळ.

अक्षर सुंदर आलंय. लाज वाटली.

१९ जून

कोर्टात वाचून दाखवलं. त्यांचा वकील हसला — "आजोबा, यातून उद्या रामायणही वाचाल! दुसरं कोण वाचतं हे?"

कुणीच नाही. न्यायाधीश म्हणाले, शुक्रवारपर्यंत दुसरा पुरावा आणा, नाहीतर तिकडच्या कोर्टात जा.

जिन्यात कामाक्षी माझ्यावरच उखडली. "ऐया, एन्नोरहून इथं दोन बस बदलून येते. तिकडे कुठली बस जाते, सांगा ना!"

२१ जून

श्रीरंजनीनं विचारलं, "साहेब बोलले, तुम्ही लिहिलंत. तिकडे कळवलं कुणी?"

म्हटलं, आठवत नाही.

आठवतं! फोन मीच लावला. पलीकडून कुणीतरी "सरी, सार" म्हणत होकार देत होता आणि मी शब्द न् शब्द तमिळमध्ये वाचला — खणखणीत, कवितेच्या तासाला उभं केल्यासारखा. शाबासकीच मिळायची बाकी होती.

२२ जून

सांगितलं तर कामाक्षीचा खटला उभा राहतो, आणि साहेबांच्या शेजारी मीही. दिवसभर तोंडात एकच वाक्य जुळवतोय. जमत नाही.

२३ जून

सकाळी सातला बेल. दारात श्रीरंजनी, आणि तिच्या पुढे एक अनोळखी माणूस. दोन्ही हात मनगटापर्यंत भाजलेले.

"कोण पाहिजे?" मी विचारलं.

तो दचकला. मागे वळून तिला म्हणाला, "अम्मा, गेटवर फोन मी घेतला होता. हाच आवाज."