केबल आत घेतली, सर

सर, आज भर मीटिंगमध्ये मी म्हणाले की तुम्ही चुकत होतात. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी समोरच्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. मी नाही पाहिलं.

ट्रान्सफॉर्मरला जपणारं डिफरन्शियल प्रोटेक्शन मला तुम्हीच शिकवलंत, तेही कोपरखैरण्याच्या तुमच्या स्वयंपाकघरात. काकू दूध तापवतायत, तुम्ही ओट्याला टेकून उभे. "दोन राखणदार बसवायचे. एक करंट आत शिरतो तिथं, एक बाहेर पडतो तिथं. दोघांचं जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर मधेच कुठंतरी गळतंय, लगेच बंद करायचं." ते राखणदार म्हणजे सीटी, करंट मोजणारी कडी. ती बसवायची कुठे, असं मी विचारलं, तर म्हणालात, "ट्रान्सफॉर्मरच्या अंगाला चिकटून." मग पुढची केबल? "अगं, केबल फुटली आणि ह्यानं ट्रिप होऊन सप्लाय तोडला, तर लोक चांगला ट्रान्सफॉर्मर उघडून बसतील. धडधाकट म्हशीला डॉक्टर कशाला?" काकू हसल्या, मीही हसले. पटलं मात्र नव्हतं. पुढे तुर्भ्याच्या कामाच्या ड्रॉइंगवर मी बाहेरच्या बाजूची कडी केबलच्या पलीकडे, पॅनेलमध्ये दाखवली, तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत त्यावर लाल रेघ मारलीत. "शहाणपणा घरी ठेवून यायचा." तुम्ही गेलात, ती रेघ राहिली. तुमचे सगळे चेले अजून ट्रान्सफॉर्मरलाच कडी चिकटवतात, आणि का असं विचारलं तर तुमचं नाव सांगतात.

आता जासईच्या यार्डाचं काम आहे. ट्रान्सफॉर्मर कंपाउंडपाशी, पॅनेल पार दुसऱ्या टोकाच्या खोलीत, आणि मधली लांबलचक केबल चरातून जाते. भरतीला चरात खाडीचं पाणी येतं. ते उपसायला माणसं पंप घेऊन उतरतात, आणि केबल चालूच असते, कारण यार्ड कुणी बंद करत नाही. ही केबल कड्यांच्या बाहेर राहिली, तर ती फुटल्यावर सप्लाय तोडायचं काम मागच्या रिलेवर येतं, आणि तो आपली पाळी येईपर्यंत थांबतो. तेवढ्या वेळात शेजारी उभा असलेला माणूस भाजून निघतो.

हे सगळं मी सांगितलं. आमचे साहेब, तुमचेच विद्यार्थी, म्हणाले, "मॅडम, सरांची पद्धत आहे ती. उगाच टेन्शन कशाला घेताय?"

"सरांच्या वेळी केबल दोन ढांगांची होती. इथे तिच्या बाजूला माणसं उतरतात. सर चुकत होते."

"मग पाणी काढताना सप्लाय बंद ठेवायला सांगा."

"यार्डवाले ठेवतील? तुम्ही सांगून बघा ना."

"हे बघा, ड्रॉइंग आज जायला पाहिजे."

"मी सही करणार नाही."

"नका करू. दुसरं कोणीतरी करेल."

करणारा शेजारीच बसला होता. तेव्हा मी म्हणाले, "सर आजारी असताना मी भेटायला गेले होते. ते स्वतः म्हणाले, केबल लांब असेल तर ती आत घे."

साहेबांनी पेन उघडलं आणि ड्रॉइंगवर कडीची खूण पॅनेलमध्ये केली. "सर म्हणाले असतील तर विषयच संपला."

तुम्ही असं काही म्हणाला नव्हतात. त्या भेटीत मी विषय काढला होता आणि तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. मी आज धडधडीत खोटं बोलले, आणि उद्या कोणी विचारलं तर पुन्हा बोलेन. माझं म्हणणं बरोबर होतं आणि तरी ते तुमच्या नावावर खपवावं लागलं, याचा मला भयंकर राग आलाय. हे पत्र काकूंच्या पत्त्यावरही टाकणार नाही. त्या बिचाऱ्या मला माफ करतील, आणि मला माफी नकोय. फक्त एक सांगते. ते वाक्य मी तुमच्या आवाजात ऐकलं, सर, आणि साहेब खूण करत होते तेवढा वेळ मलाही ते खरं वाटलं.