बुकिंगची पानं सरकतात

३ नोव्हेंबर, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस. गोंदियात, तांदळाच्या गोदामावरची खोली. शेतकरी ॲपवर हार्वेस्टर बुक करतात, आमची मशीन जाऊन धान कापते. मालक छोटेलालजी म्हणाले, आचल बेटा, दस तारीख को मशीन अर्जुनी मोरगाव निकलेगी, उसके पहले सारी बुकिंग उतार के दे. लिस्ट पूरी, तो नौकरी पक्की.

बुकिंग नागपूरच्या सर्व्हरवर आहेत. एपीआय नावाच्या प्रोग्रामकडे मागायच्या. सर्व्हर सगळं एकदम देत नाही, पानापानाने देतो. एका पानावर शंभर नावं, सगळ्यात नवीन वर. एकूण पानं बारा.

हे तर माझ्यासाठीच काम. लहानपणी सारखा ताप यायचा म्हणून चौथीपर्यंत बाबांनी मला आमच्या मुर्री गावी घरीच शिकवलं. त्यांचा नियम: पान पक्कं झाल्याशिवाय उलटायचं नाही. इतिहासात आम्ही अश्मयुगाच्या पुढे गेलो नाही, पण अश्मयुग मला आजही पाठ आहे.

संकल्प: रोज दोन पानं. दहा तारखेच्या आत आरामात.

४ नोव्हेंबर
पान १ आलं. पण नावं खरी आहेत हे कोण सांगणार? प्रत्येकाला फोन करायचं ठरवलं. कुणी सांगितलेलं नाही, जबाबदारी म्हणून.

अर्जुनी मोरगावजवळचे सेवकराम. विचारलं, तुमची बुकिंग नक्की आहे ना? ते म्हणाले, हाय ना, काऊन वं बाई, रद्द झाली का? मी म्हटलं, तसं मी आत्ताच सांगू शकत नाही, तपासणी सुरू आहे. त्यांनी घाईघाईने फोन ठेवला. कामाचा माणूस दिसतो.

५ नोव्हेंबर, संध्याकाळ
पान १ पूर्ण! पान २ उघडलं. अर्धी नावं कालचीच. मध्येच सेवकराम. म्हणजे सर्व्हर चुकतो. बरं झालं मी तपासत होते.

एपीआय नागपूरच्या भूमिकाने लिहिलाय. तिला फोन केला. म्हणाली, अगं, वर नवीन बुकिंग आली की खालच्या सरकतात, मग पान १ ची नावं पान २ वर जातात. लूप लाव, सगळी पानं एका दमात ओढ, दोन मिनिटांचं काम आहे. नाहीतर शेवटच्या नावाचा नंबर दे आणि त्याच्यानंतरचीच माग. मग वर कितीही येऊ देत.

दोन मिनिटं! दोन मिनिटांत होणारं काम नीट झालेलं असतं का? तिला तसं बोलले नाही. वाईट वाटलं असतं.

६ नोव्हेंबर
बाराची चौदा पानं झाली. ॲप लोकप्रिय होतंय.

सेवकरामांचं नाव परत आलं म्हणून परत फोन. म्हणाले, अवो बाई, तुमचा फोन आला तं भेव वाटला, अजून एक बुकिंग करून ठेवलो. भावाच्या नावानं बी केलो. भावाचा नंबर घेतला. त्यालाही विचारावं लागेल.

बुकिंग वाढल्याचं कळून छोटेलालजींनी समोसे मागवले. मी अर्धाच घेतला. काम पूर्ण झालेलं नाही.

७ नोव्हेंबर
शंभर नावांत नजर भिरभिरते. पानाची मर्यादा दहावर आणली. आता पानं एकशे सत्तर आहेत, पण दर्जा सुधारला.

दुपारी एक नाव सुटल्यासारखं वाटलं, म्हणून तेच पान पुन्हा पुन्हा मागितलं. सर्व्हरकडून ४२९ आला. अर्थ: फार वेळा मागताय, थांबा. कानशिलं तापली. आमच्या घरचे लोक पाहुणे म्हणून गेल्यावर भाजीसुद्धा दुसऱ्यांदा मागत नाहीत. भूमिकाला म्हटलं, माझ्यातर्फे माफी कळव. कुणाला, म्हणाली. सर्व्हरला, म्हटलं. ती म्हणाली, मिनिटभर थांब आणि परत माग. मी दिवसभर काहीच मागितलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
सुट्टी, तरी ऑफिसात. एकोणिसावं पान. सेवकराम आता माझा आवाज ओळखतात. म्हणाले, पोरी, कायले तरास करून राहिली? बायकोच्या नावानं बी करून टाकतो, मंग तं पक्की ना? मी म्हटलं, केलीत तर तीही तपासावी लागेल. म्हणाले, तपास ना माय, पन माहा धान काप.

विश्वास असा एकेक फोन करून मिळतो.

१० नोव्हेंबर
मशीन निघाली. छोटेलालजींनी यादी मागितली. मी म्हटलं, अपूर्ण यादी देणं माझ्या तत्त्वात बसत नाही. ते म्हणाले, जो है वो दे. वरची पानं दिली. सगळी ताजी, तपासलेली.

संध्याकाळी मशीनवरच्या गुड्डूचा फोन. सेवकरामांची बांधी, म्हणजे धानाचं शेत, कापून झाली. पुढची बुकिंगही सेवकरामांची. तिच्यापुढची भावाची, बांधी तीच. मग बायकोची. म्हणाला, मॅडम, इस आदमी का धान मैं कितनी बार काटूँ? मी म्हटलं, यादीत असेल तितक्या वेळा. सेवकराम त्याला दर वेळी जेवू घालतायत. गुड्डूची तक्रार त्याबद्दल नव्हती.

१७ नोव्हेंबर
समोसे बंद. छोटेलालजी म्हणाले, सितंबर में जिन्होंने बुक किया वो रोज गाली दे रहे हैं. मी शांतपणे समजावलं: सप्टेंबरवाले शेवटच्या पानांवर आहेत, क्रमाने येतील, न्याय सगळ्यांना सारखा. त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवलं. मग म्हणाले, चौबीस को मशीन छत्तीसगढ जाएगी. तब तक.

मुदत मिळाली म्हणजे विश्वास आहे.

२१ नोव्हेंबर
नवीन बुकिंग यायच्या थांबल्या. पानं जागेवर राहतात. माझ्यामुळे सर्व्हरलासुद्धा शिस्त लागली.

२४ नोव्हेंबर, सोमवार, दुपार
पोचले! शेवटचं पान. त्यावर एकच नाव, सुलोचनाबाई. ॲपवरची सगळ्यात पहिली बुकिंग. लगेच फोन लावला.

विचारलं, बुकिंग नक्की आहे ना? म्हणाल्या, कायची? हार्वेस्टरची, म्हटलं. म्हणाल्या, माय, धान कापला, मळला, इकला बी. मशीनची वाट पाहून पाहून इळ्यानं कापलो. धनी कमर धरून बसले. आता तुमची मशीन काय कापते, माहा डोस्का?

त्यांच्या नावापुढे ‘नक्की नाही’ असं लिहिलं. न जाणो म्हणून त्यापुढचंही पान मागून पाहिलं. रिकामं आलं. सर्व्हर खोटं बोलत नाही.

यादी घेऊन धावत खाली गेले. मशीन सकाळीच छत्तीसगडला गेली होती.

२५ नोव्हेंबर
छोटेलालजींनी भूमिकाला फोन लावून लूप चालवायला सांगितला. मी डब्याचं झाकण उघडेपर्यंत सगळी पानं आली. मी म्हटलं, द्या, तपासून बघते. ते म्हणाले, नहीं बेटा. तू अब घर जा. कल भी मत आना.

आवाज मऊ होता. माझ्या तब्येतीची काळजी वाटत असावी.

२६ नोव्हेंबर, संध्याकाळ
घरी. आईने तांदूळ निवडायला दिले. म्हटलं, सूपभर नको, मूठमूठ दे, म्हणजे नीट होतील. आई म्हणाली, सगळेच घे, आत्ता शिजवायचे आहेत.

तिसरी मूठ चालू आहे. बाबा शेजारी जेवायला गेले.