उजव्या हाताला दोनच सूर

३ जानेवारी १९६८
वर्षभर शालूबाईंच्या पियानोवर बोटं घासली. बाई मिशनच्या शाळेतून रिटायर झालेल्या, शिस्तीच्या. आज स्पष्ट सांगितलं, आता पोरासोरांचे धडे बास, मला खरी रोमँटिक चीज द्या. त्यांनी एकच पान दिलं. प्रेल्यूड म्हणतात. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कुणा क्षयी युरोपियनाचं. बघून हसूच आलं. उजव्या हाताला जवळजवळ दोनच सूर, पुन्हा पुन्हा. मी दाताचा डॉक्टर, बोटं तयारच आहेत. आठवड्यात संपवतो. या गावाला कला म्हणजे कुस्ती आणि तांबडा रस्सा. कुणीतरी सुरुवात केलीच पाहिजे.

११ जानेवारी
उजवा हात तयार. डावा म्हणजे शुद्ध छळ. तेच तीन सुरांचे कॉर्ड ठोकत राहायचे आणि मधेच एखादं बोट अर्धा सूर खाली सरकवायचं. कुणाला कळणार? मी ओळीत एकदाच सरकवतो. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, दाढ उपटताय का? हळू." वयोमानानं कान नाजूक झालेत.

१८ जानेवारी
मोठी बातमी. महिनाअखेरीनंतर बाई आवराआवर करणार आणि फेब्रुवारी संपता संपता नगरला भावाकडे कायमच्या जाणार. पियानो नेणार नाहीत, शिष्याला देणार. मोठे शिष्य दोनच. मी आणि रशिदा. रशिदा शिवणाचा क्लास चालवते. ती याच प्रेल्यूडच्या पहिल्या दोन ओळींवर कधीची अडकून पडली आहे. बिचारी.
घरी येऊन बायकोला, महादेवीला, कपाट हलवून जागा करायला सांगितलं. म्हणाली, "आधी वाजवा तरी." तिच्या माहेरी निपाणीला सगळ्यात मोठं वाद्य म्हणजे एस.टी.चा हॉर्न. सोडून दिलं.

२ फेब्रुवारी
घरी पियानो नाही, म्हणून रियाज जेवणाच्या टेबलावर. आमटी सांडली. आमटी पातळ होती.
दवाखान्यातही सवय लागली आहे. कसबा बावड्याच्या एका शेतकऱ्याच्या कवळीचं माप घेत होतो. एक हात त्याच्या तोंडात, दुसरा त्याच्या टकलावर चालू. तोंड मोकळं झाल्यावर म्हणाला, "डॉक्टर, माप जबड्याचं हाय न्हवं? मग डोक्यावर हलगी कशापायी वाजवतायसा?"
हलगी! यापलीकडे झेप नाही.

९ फेब्रुवारी
निदान झालं. दोष रचनेत आहे. त्या क्षयी माणसाच्या छातीत जोर नव्हता, म्हणून सगळीकडे हळू, आणखी हळू, असं लिहून ठेवलंय. धडधाकट माणसानं ते का पाळावं? हे मत बाईंना सविस्तर सांगितलं. त्या पियानोचं झाकण लावून कुंड्यांना पाणी घालायला गेल्या. पटलं असावं.

१७ फेब्रुवारी
लवकर पोचलो. व्हरांड्यातून रशिदाचं ऐकलं. संथ. मधे माणूस चहा पिऊन येईल इतकं. बाई तिला एका शब्दानं बोलल्या नाहीत. आशा सोडलेली दिसते. बाहेर येताना रशिदा डोळे पुसत होती. मी धीर दिला, म्हटलं, सगळ्यांनाच नाही जमत.

२५ फेब्रुवारी, रविवार
बाईंचा निरोप समारंभ. आधी रशिदानं वाजवलं. लोक अगदी गप्प. कंटाळले असावेत.
मग मी. मधला भाग असा काही लावला की मागच्या रांगेतलं एक बाळ रडायला लागलं. शेवटच्या तीन कॉर्डांआधी क्षणभर थांबायचं असतं, तसं पानावरच आहे. मी हात वर धरून थांबलो. तेवढ्यात टाळ्या! खुर्च्या सरकल्या, "चला, झालं की!" म्हणत मंडळी चिवड्याकडे धावली. महादेवीसुद्धा. मी हात तसेच धरून बसलेला.
हॉल रिकामा झाल्यावर बाई शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "शेवट राहिलाय, डॉक्टर. वाजवा. मी ऐकते आहे."
वाजवले. आवाज जेमतेम निघाला. बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "हे तीन आले. वर्षभरात पहिल्यांदा तुम्ही स्वतःचं ऐकलंत."
मी उठून पाणी प्यायलो. चिवड्याचा ठसका असावा. चिवडा खाल्ला नव्हता, पण वास होता.

२८ फेब्रुवारी
पियानो रशिदाला. अपेक्षितच. आमच्या हॉलला ओल येते, तिथं असं वाद्य ठेवणं पाप. बाई सकाळच्या गाडीनं गेल्या. स्टेशनवर जाणार होतो, पण गर्दीत मला जमत नाही.
दुपारी रशिदाच्या गल्लीत ट्रक शिरेना. तिचे वडील गौसभाई हाका मारत होते, म्हणून मीही खांदा दिला. खूप जड असतो. पियानो भिंतीला लागल्यावर रशिदा म्हणाली, "डॉक्टरसाहेब, गुरुवारी येत जावा की इथं."
मला वाटलं, शिकवायला बोलावते आहे. वेळ विचारली. संध्याकाळी पाच, बाईंची पहिली-दुसरीच्या मुलांची बॅच, आता तीच शिकवणार आहे.
जाणार आहे. माझ्याकडे बघून मुलांना वळण लागेल.