चाळीस दिवस निष्पाप

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार
उपासकाळ सुरू. यंदा कबाब सोडणे वगैरे पोरखेळ नाही. ईस्टरपर्यंत एकही पाप करायचं नाही. एकतीस वर्षं रेल्वेचे रूळ तपासले, स्वतःला तपासायला किती वेळ लागणार! अनघाला सांगितलं. म्हणाली, हो जाएगा, पापा. पोरगी लखनौत वाढली, उत्तरं हिंदीतच. नेहमीप्रमाणे दुरुस्त केलं: पापा नाही, बाबा म्हण. पाप आणि पापा यांत एका कान्याचाच फरक.

२० फेब्रुवारी, सकाळी ९
अनघा अंघोळीला गेलेली. तिचा फोन वाजला. पुण्याची शाळा. शिक्षिकेची नोकरी पक्की, ३१ मार्चपर्यंत होकार कळवा. म्हटलं, सांगतो. तिने विचारलं कोण होतं. क्रेडिट कार्डवाले, म्हणालो. कॉल पुसून टाकला.
हे पाप नव्हे. पोरीने नाश्ता तरी शांतपणे करावा. संध्याकाळी सांगेन.

२२ फेब्रुवारी, रविवार
पुढच्या बाकावरचे माणिकभाऊ चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना घोरले. लोकांना पापाची भीतीच उरली नाही.
पाळक म्हणाले, पाप यानी निशाना चूक जाना. फार बरं वाटलं. म्हणजे मुळात चूकच. चुका काय, इंजिनिअरकडूनही होतात.
गोड तोंडाने सांगावं म्हणून इथल्या कपूरथला चौकातून जिलेबी आणली. तोंड गोड झालं. सांगायचं राहिलं.

८ मार्च
रविवार वगळून सोळा दिवस निष्पाप. ऑटोवाल्याशीसुद्धा वाद नाही. फोनचं धरलेलं नाही. ते अजून चालूच आहे, पूर्ण झाल्यावर बघू.

१९ मार्च
अनघा इस्त्री करता करता रडली. पुण्याने रिजेक्ट केलं असणार, म्हणाली. मी म्हणालो, पुण्याची माणसं तशीच. मग प्रार्थनेत पुणेकरांसाठी क्षमा मागितली.
अनघाची आई, मधुमती, गेल्यापासून घरात सकाळी दोनच कप निघतात. एकच निघायला लागला तर? भीती वाटते मला. लिहिलं, बास.

३१ मार्च
आज सांगायचंच. सहा वेळा तोंड उघडलं. गॅस बंद केलास का, सब्जी काय आणू, पंखा आवाज करतोय का, असंच काहीबाही बाहेर पडलं. सांगायचं आहे आणि सांगवत नाही. माझंच तोंड, माझं ऐकत नाही.

३ एप्रिल, गुड फ्रायडे
पाळकांनी दोन मिनिटं दिली. आपापलं पाप मनात म्हणा. मी माणिकभाऊंचं म्हटलं.
शेजारी अनघाचे डोळे भरलेले. बाहेर आल्यावर विचारलं, तुझं कसलं गं पाप? म्हणाली, नोकरीवरून देवावर चिडले होते, माफी मांग ली.
घरी आलो. जेवलो नाही. उपास होताच.

५ एप्रिल, ईस्टर
चाळीस दिवस पूर्ण. केक खाल्ला. उद्या नक्की सांगेन.

६ एप्रिल
तिनेच शाळेला फोन लावला. ते म्हणाले, फेब्रुवारीतच वडिलांना कळवलं होतं, उत्तर आलं नाही, दुसरी मुलगी घेतली.
ती स्वयंपाकघरात आली. मी म्हणालो, चूक झाली. ओरडेल असं वाटलं. ओरडली नाही. माझ्यापुढे चहाचा कप ठेवला. एवढंच म्हणाली, पापा.
सवयीने दुरुस्त करायला तोंड उघडलं. मिटलं. मला शेवटचा काना ऐकूच आला नव्हता.