पुष्पाच्या रक्तात नसलेलं

सोम. १२ जाने. २००४, स. ६.२०
मुरबाड स्टँड. कल्याणच्या गाडीची वाट बघत लिहितोय. बहीण पुष्पा माझा दंड धरून बसलीय. वय चौदा. चार वर्षांत चाल पार बिघडली. दोन डॉक्टर म्हणाले, नसांचा आजार, उपाय नाही. मघाशी तिला झोकांड्या खाताना बघून जीपवाला हसला, "काय गो, सकाळीच टाकलीस?" ती म्हणाली, "तुमचीच उरलेली, काका." मला हसता आलं नाही.

संध्या.
कल्याणहून पुढे लोकलने मुंबई. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पुष्पाचं रक्त घेतलं. विचारलं, आईवडील नात्यातले का. हो, आई बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. त्यांनी लिहून घेतलं. का, ते विचारायचं राहिलं.

गुरु. ५ फेब्रु.
रिपोर्ट. बाईंनी वाचून दाखवला.
पुष्पाच्या रक्तात ई जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. म्हटलं, शेंगदाणे खाते, तेल खाते. बाई म्हणाल्या, खाण्याचा दोष नाही. ई चे आठ प्रकार. पोटातून सगळे आत जातात, पण यकृत मुख्यतः एकच, अल्फा, निवडून रक्तात सोडतं. ते निवडणारं प्रथिन हिच्यात जन्मापासून बिघडलंय; आई-बाबा दोघांकडून दोष आला की होतं असं, नात्यातल्या लग्नात जास्त. म्हणून नसा खराब होत गेल्या. औषध म्हणजे ई च्याच कॅप्सूल, मोठ्या मात्रेत, जन्मभर. आजार थांबेल, थोडी सुधारेलही. गेलं ते सगळं परत येईल असं नाही.
चार वर्षं. आणि ह्या कॅप्सूल स्टँडसमोरच्या मेडिकलात मिळतात. बायका टाचणीने फोडून तोंडाला लावतात त्याच. दुकानदार म्हणाला, "एवढ्या? घरात लगीन हाय काय?"
आहे. माझंच. वैशाखात, सापगावच्या मामाच्या संगीताशी. आणि मी निघताना बाई म्हणाल्या, तुमचंही रक्त द्या, नात्यात लग्न करण्याआधी विचार करा. रक्त देऊन आलो.

शनि. ७ फेब्रु.
आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, हात थांबला. "आमच्यात सगल्यांचीच लग्नं नात्यात झाली रे. कोनाला काय झालं?" समोर पुष्पा बसलेली. तिच्याकडे बघून आई पुन्हा तांदळातले खडे शोधायला लागली.
पुष्पा मला म्हणाली, "दादा, तू चालून दाखव." अंगणात चाललो. सरळ आहे म्हणाली. मग तोल जातो का बघायला डोळे मिटून उभा राहिलो, बाई तिला करायला लावतात तसा. हललो की नाही, अजून कळत नाही.

रवि. १५ फेब्रु.
मामा आला. मंडपवाल्याला आगाऊ देऊ का, विचारत होता. मी सगळं सांगितलं. त्याने काढलेली विडी न पेटवताच कानामागे खोचली. मग, "म्हंजे माज्या पोरीच्या रक्तातबी?"
माहीत नाही म्हटलं. माझा रिपोर्टही यायचाय. मंगळवारी संगीताला घेऊन येतो म्हणाला, रक्त द्यायला. मंडपाचा विषय परत काढला नाही. दवाखान्यासाठी त्याच्याकडून घेतलेले पैसे हळूहळू फेडतो म्हणालो, तर म्हणाला, "जावयाकडनं घेनार नाय. भाच्याकडनं घेईन. आधी ठरू दे, तू माजा कोन ते."
आजवर खर्च: ३,१४०. त्यात मामाचे २,०००. मामाला देणं बाकी २,०००.